आठ चिठ्ठ्या

आमच्या मामांचा कुणावर विश्वास नाही. लिफ्टच्या धंद्यात तो नसावाच, असं ते म्हणतात. दोर काल धड होता म्हणून आज धड असेल असं धरून चालणारा मेकॅनिक फार दिवस टिकत नाही, हे मलाही पटतं. पण दोर तपासून झाला की मामा माणसं तपासायला घेतात, तिथे माझं डोकं फिरतं. मी पाच मिनिटं उशिरा आले तर कुठे होतीस, आणि वेळेवर आले तर आज एवढी वेळेवर कशी.

मी त्यांची सख्खी भाची. ऑफिसात कॉम्प्युटर, फोन आणि मामांची बोलणी, ही तिन्ही खाती माझ्याकडे. इमारतींमधल्या लिफ्टची देखभाल करायचं आमचं काम. माणसं आम्ही एकूण आठ: मामा, हिशेब बघणाऱ्या मामी, त्यांचा मुलगा, मी, दोन मेकॅनिक, गाडीचा ड्रायव्हर आणि ग्रीसकाका.

मामांच्या मुलाला सगळे चिरंजीव म्हणतात, कारण मामा स्वतः त्याची ओळख तशीच करून देतात. तो गिऱ्हाइकांना भेटतो, म्हणजे निदान छान शर्ट घालून बाहेर तरी जातो. ग्रीसकाका आमचे सगळ्यात जुने मिस्त्री. त्यांच्या नखांतलं ग्रीस लग्नाच्या फोटोतही दिसतं, म्हणून हे नाव. मामा विशीत असताना त्यांना पहिल्यांदा लिफ्टच्या खड्ड्यात उतरवलं ते काकांनीच. त्यामुळे अख्ख्या ऑफिसात मामांना अरे-तुरे करणारा माणूस एकच.

गेल्या वर्षी पलीकडच्या चौकातल्या कंपनीने आमच्या नाकी नऊ आणले. एखाद्या इमारतीचा देखभालीचा करार संपत आला की आम्ही तिथे बोलणी करायला जाणार, तर हे लोक आधीच जाऊन चहा पिऊन आलेले. एकदा झालं, योगायोग म्हणून सोडलं. पुन्हा झालं तेव्हा मामांच्या मनात पाल चुकचुकली. त्यानंतर तर ती पाल गप्प बसेचना. ऑफिसातलं बोलणं बंद झालं. मामा केबिनच्या काचेआडून एकेकाचं तोंड वाचत बसायचे. ड्रायव्हर गाडीत फोनवर बोलताना हसला, तर कुणाशी हसला याची चौकशी.

खोटं कशाला सांगू, ती लागण मलाही झाली. धाकटा मेकॅनिक जिन्यात कुजबुजताना दिसला की माझे कान टवकारायचे. ग्रीसकाका त्या चौकातल्या टपरीवर, त्या कंपनीच्या मेकॅनिकांबरोबर चहा पितात हे मी दोनदा पाहिलं होतं. मी ते मामांना सांगितलं नाही, पण विसरलेही नाही.

शेवटी सापळ्याची कल्पना मीच काढली. आमच्याकडे पद्धत अशी की पुढच्या आठवड्यात कुठल्या इमारतीशी बोलणी करायची, ते मामा आधी सगळ्यांना कळवतात, म्हणजे त्या दिवशी कुणी भलतीकडे अडकत नाही. मी म्हटलं, या वेळी प्रत्येकाला बंद पाकिटात चिठ्ठी द्या, पण प्रत्येक चिठ्ठीतले शब्द जरा वेगळे ठेवा. अर्थ एकच. बातमी बाहेर फुटली की शब्दांवरून कळेल कुणाची चिठ्ठी.

त्यासाठी मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा कार्यक्रम, लिहिली. मजकुरात तीन जागा मोकळ्या ठेवल्या आणि प्रत्येक जागेला दोन पर्याय दिले. टेकडीवरच्या दवाखान्यात ‘जायचं आहे’ किंवा ‘पोहोचायचं आहे’. त्यांचा करार ‘संपत आला आहे’ किंवा ‘फार दिवस उरलेला नाही’. शेवटी ‘बाहेर बोलू नये’ किंवा ‘कुणाला सांगू नये’. तीन जागांच्या दोन-दोन पर्यायांतून बरोबर आठ वेगळे मजकूर होतात, आणि माणसंही आम्ही आठच. कोणता मजकूर कुणाच्या वाट्याला जाणार ते कॉम्प्युटर पत्ते पिसावेत तसं ठरवायचा आणि कुणाला काय गेलं याची यादी ठेवायचा. माझी छाती अभिमानाने फुगली होती. दिवसभर अडकलेल्या लिफ्टचे फोन घेणाऱ्या बाईला असं काही करायला कुठे मिळतं?

मामांना कल्पना आवडली, पण त्यात त्यांना लगेच एक भोक दिसलं. ते भोक म्हणजे मी. यादी मला माहीत असणार, मग माझ्यावर नजर कोण ठेवणार? म्हणून त्यांनी ठरवलं की स्क्रिप्ट ते स्वतः चालवतील, चिठ्ठ्या स्वतः छापतील, पाकिटंही केबिन बंद करून स्वतःच भरतील. यादी फक्त त्यांनी बघायची. मी त्यांना स्क्रीनवर एक चित्र करून दिलं. त्यावर दोनदा टिचकी मारली की नवी यादी तयार. छपाईचं चित्र वेगळं. शिकवताना त्यांनी टिचकी मारली, नावं हलली. पुन्हा मारली, पुन्हा हलली.

“दर वेळी वेगळं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दर वेळी वेगळं. जुनी यादी पुसली जाते आणि तिच्या जागी नवी येते, म्हणून छापून झालं की या चित्राला हात लावायचा नाही. मामांनी मान डोलावली. एवढं एकच त्यांनी कॉम्प्युटरमधलं शिकून घेतलं, आणि नीट शिकून घेतलं.

सोमवारी पाकिटं वाटली. प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात जाऊन चिठ्ठी वाचली, जणू काही कुणाचा मेडिकल रिपोर्ट आला आहे. ग्रीसकाकांनी पाकीट माझ्यासमोरच फाडलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाचलं, आणि हे तोंडाने सांगायला तुझ्या मामाची जीभ झिजते का, असं विचारून निघून गेले. मी माझी चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली.

बुधवारी दुपारी मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. परत आले तर केबिनचं दार बंद, ग्रीसकाका आत, आणि बाकीचे सगळे कामात असल्याचं दाखवत बाहेर बसलेले. टेकडीवरच्या दवाखान्याचा व्यवस्थापक मामांच्या ओळखीचा. त्याने मामांच्या फोनवर फोटो पाठवला होता. चौकातल्या कंपनीचा माणूस त्याच्याकडे येऊन गेला, आणि तुमच्यावर कोण टपून बसलंय बघा, म्हणत आमच्या चिठ्ठीचा फोटोच त्याच्या फोनवर टाकून गेला. चिठ्ठीत ‘जायचं आहे’, ‘फार दिवस उरलेला नाही’ आणि ‘कुणाला सांगू नये’ होतं. मामांनी यादी काढली. ते शब्द ग्रीसकाकांच्या नावापुढे होते.

काका बाहेर आले. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. आपली पत्र्याची हत्यारपेटी उचलली आणि पायातले कामाचे बूट न बदलताच निघून गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता, हात आपटला असता, तर मला बरं वाटलं असतं. मामा म्हणाले, यादीत आहे ते खरं, इतक्या वर्षांच्या खाल्ल्या मिठाला माणूस जागला नाही. चिरंजीव म्हणाला की काकांचं वय झालंय, होतं असं. मामींनी डोळे पुसले. आणि मी? मला टपरीवरचा चहा आठवला आणि मी मनातल्या मनात म्हटलं, तरीच.

घाईत एक गोष्ट राहून गेली होती. मशीन रूमच्या चाव्यांचा जुडगा काकांच्या खिशात तसाच गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी तो आणायला मला पाठवलं.

काका दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटेच राहतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत घर मुद्दाम घेतलं, सुट्टीच्या दिवशी तिचा आवाज कानी नको, असं ते सांगत. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. चाव्या पेटीत आहेत, घे, म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद ग्रीसनेच चिकटवलेला होता. त्यावर पेन्सिलीने कुठल्याशा ब्रेकच्या स्प्रिंगची मापं लिहिली होती. कागद पाठकोरा होता, पण ग्रीस पिऊन इतका पारदर्शक झाला होता की पलीकडची छापील अक्षरं उलटी दिसत होती. मी तो हलकेच सोडवून उलटला.

ती सोमवारची चिठ्ठी होती. तिच्यात ‘पोहोचायचं आहे’ होतं.

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? की म्हाताऱ्याने खोटी चिठ्ठी बनवली. इतकी मी बिघडले होते. पण आमच्या ऑफिसच्या प्रिंटरचा रोल खराब आहे, प्रत्येक कागदावर डावीकडे एक करडा पट्टा उमटतो. तो पट्टा त्या कागदावर होता. काकांना कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव टाइप करता येत नाही, ते प्रिंटर कुठला चालवणार? मी विचारलं, ही चिठ्ठी त्यांनी मामांना दाखवली का. ते म्हणाले, “त्याने चिठ्ठी मागितलीच नाही. यादी दाखवली. त्याला विचारायचंच नव्हतं, तर मी कशाला दाखवू?”

चाव्या घेतल्या, चिठ्ठीही मागून घेतली आणि मी ऑफिसला आले. मामा एका इमारतीत गेले होते. त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मी कधीही न बघितलेली यादी उघडली. काकांच्या नावापुढे फोटोतले शब्द होते, मामा म्हणाले तसेच. मग मी माझ्या नावापुढचं वाचलं आणि ड्रॉवरमधून माझी चिठ्ठी आणून शेजारी धरली. तीही जुळेना. मी फाईल शेवटची कधी बदलली ते बघितलं. चिठ्ठ्या वाटल्या सोमवारी. यादी बदलली होती बुधवारी दुपारी, मी दातांच्या डॉक्टरसमोर तोंड उघडून बसले होते तेव्हा. फोटो येऊन गेल्यानंतर.

मामा येईपर्यंत मी त्यांच्याच खुर्चीत बसून राहिले. ते आले, मला तिथे बघितलं, टेबलावरच्या दोन चिठ्ठ्या बघितल्या, आणि दार लावून घेतलं. कसं झालं हे विचारायची गरज नव्हती. मी एवढंच विचारलं की किती वेळा दाबलंत.

मामा मग समोरच्या, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

“दुसऱ्यांदा तुझ्या मामीचं नाव आलं,” ते म्हणाले. “घर मोडू का स्वतःचं? तिसऱ्यांदा तुझं आलं. तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं? चौथ्यांदा त्याचं आलं, तिथे थांबलो. तुला सोडलं मी. त्याची तरी जाण ठेव.”

“आणि पहिल्यांदा?”

मामांनी खिडकीतून खाली पार्किंगकडे बघितलं. चिरंजीव गाडीच्या आरशात केस नीट करत होता. चौकातल्या कंपनीत त्याला स्वतंत्र केबिन देणार आहेत म्हणे, मामा हळूच म्हणाले. एकुलता एक आहे, उद्या सगळं त्याचंच आहे, त्याला कळत नाही, मी समजावीन. मग आवाज बदलून म्हणाले की ही गोष्ट या दाराबाहेर गेली तर लोकांना ते एवढंच सांगतील, कार्यक्रम भाचीचा, कॉम्प्युटर भाचीचा, भाचीने काय घोळ घातला ते भाचीलाच ठाऊक. दिवसभर दुसऱ्यांवर संशय घेणाऱ्या या माणसाला खरं नाव पहिल्याच, सोमवारच्या टिचकीत मिळालं होतं, आणि तेवढ्या एका नावावर त्याने विश्वास ठेवला नव्हता. मला त्यांची दया आली असती. पण काकांचे ते न बदललेले बूट डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन मी नोटीस बोर्ड रिकामा केला. मध्यभागी दवाखान्याकडून आलेला फोटो छापून लावला. शेजारी ग्रीसकाकांची तेलकट चिठ्ठी, तिच्या शेजारी माझी. मेकॅनिक आले तेव्हा त्यांना सांगितलं की आठ माणसांना आठ वेगळ्या चिठ्ठ्या गेल्या होत्या, आपापली इथे लावा, ज्याची फोटोतल्यासारखी निघेल त्याची फुटली. थोरल्याने आपली पैशांच्या पाकिटातून काढली. धाकट्याची पँटच्या खिशात धुतली गेली होती, पण अक्षरं लागत होती. ड्रायव्हरची गाडीच्या कागदपत्रांत होती. मामी आल्या, बोर्ड वाचला, आणि चष्म्याच्या घरातून आपली चिठ्ठी काढून लावली. मग केबिनमध्ये गेल्या. मामा खुर्चीत बसले होते. मामींनी त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घालून त्यांची चिठ्ठी काढली आणि तीही आणून टोचली. सात झाल्या. सातांतली एकही फोटोशी जुळत नव्हती.

सगळे चिरंजीवकडे बघत होते. त्याने खिसे चाचपले, आठवत नाही म्हणाला, घरी असेल म्हणाला. मामी बोर्डासमोरून हलल्या नाहीत, आणि शेवटी तोच गाडीची किल्ली घेऊन खाली उतरला.

अर्ध्या तासाने मामांनी मला आत बोलावलं. एका रात्रीत माणूस किती खचतो ते मी बघितलं. त्यांनी चाव्यांचा जुडगा माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले की जा, काकांना घेऊन ये, मी चुकलो म्हणावं. स्वतः जा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मला काकांचा चेहरा खुललेला बघायची घाई झाली होती.

ते दोन जिने मी जवळजवळ पळत चढले. काका चहा करत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बोर्ड, सात चिठ्ठ्या, मामींनी खिशात घातलेला हात, चिरंजीवचं पडलेलं तोंड. मामांनी परत परत कसं दाबलं तेही सांगितलं. त्यातलं काय सांगावं आणि काय गिळावं याचा विचार मी केलाच नाही. तुमच्यावरचा डाग धुतला गेला काका, मी म्हटलं, आणि चाव्या पुढे केल्या.

काकांनी गॅस बंद केला. “कितव्यांदा थांबला म्हणालीस?”

“चौथ्यांदा.”

“बायकोला सोडलं. तुला सोडलं,” ते म्हणाले. “माझं नाव आलं तेव्हा पाचव्यांदा दाबावंसं नाही वाटलं त्याला.”

मी म्हटलं, मामांना पश्चात्ताप झालाय, चुकलो म्हणाले. काका म्हणाले, म्हणाला असेल, तो काही वाईट नाही, भित्रा आहे. पहिल्यांदा खड्ड्यात उतरवलं तेव्हा माझी कॉलर धरून उभा होता. हे सांगताना ते किंचित हसलेसुद्धा. मग त्यांनी चहा दोन कपांत ओतला, एक माझ्यासमोर ठेवला, आणि माझ्या हातातल्या जुडग्यातून प्रत्येक चावी वेगळी करून कुठल्या इमारतीची ते सांगू लागले. कुठलं कुलूप आधी वर उचलून फिरवायचं, कुठल्या मशीन रूमच्या दाराला खांदा लावावा लागतो. थोरल्या मेकॅनिकला नीट सांग, म्हणाले. तेव्हा मला कळलं की ते येणार नाहीत.

मी काकांची चिठ्ठी बोर्डावरून काढून बरोबर आणली होती. मागे स्प्रिंगची मापं आहेत, त्यांना लागतील म्हणून. ती मी टेबलावर ठेवली. काकांनी मापं वाचून पाठ केल्यासारखी पुटपुटली, कागदाची घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये सारली.

“तुझ्यापाशी ठेव, पोरी,” ते म्हणाले. “आता मी नाही तिथे. पुढच्या वेळी तो तुझ्यापाशी थांबेल.”

चहा मी कसाबसा संपवला आणि चाव्या घेऊन खाली उतरले.